छत्री सापडली तर आधी झाडाकडं बघा

पाऊस लागला की मी साताऱ्याच्या आसपास बुरशीच्या छत्र्या, म्हणजे मशरूम, शोधत हिंडतो, आणि पहिली दोन वर्षं मी एकच गाढवपणा केला, वरून टोपीचा फोटो काढायचा आणि पुढं चालायचं. मोबाईलमध्ये तीनशे फोटो आणि नाव एकाचंही नाही!

झाडाची मुळं आणि बुरशी यांच्या भागीदारीला मायकोरायझा म्हणतात, हा शब्द 1885 मध्ये फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञानं दिला. बुरशीचे धागे मुळांच्या टोकांभोवती मोज्यासारखे गुंडाळतात, पाणी आणि फॉस्फरस झाडाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. म्हणून कुठल्या झाडाखाली सापडली ही पहिली नोंद, टोपीचा रंग नंतर, तो तर एका पावसात धुऊन जातो.

आता आपल्याकडची गंमत अशी की महाबळेश्वरच्या जांभूळ-अंजनीच्या दाट रानात तुम्हाला ही जोडी फारशी दिसणार नाही. त्या झाडांचीही बुरशीशी दोस्ती असते पण ती मुळाच्या पेशींत शिरून राहणारी, तिची छत्री वर येतच नाही. तिथं दिसतात त्या बहुतेक लाकूड-पाला कुजवणाऱ्या. वारुळावरची अळंबी पण यात धरू नका, तिची भागीदारी वाळवीशी. मग शोधायचं कुठं, तर लावलेल्या निलगिरी, सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ, पाइनखाली. सिल्व्हर ओकखाली वेळ घालवू नका.

निलगिरीखाली बांधाकडेला मातीतून वर आलेला, जळक्या बटाट्यासारखा गोळा दिसला तर उभा चिरा. आत तांदळाच्या दाण्यांसारख्या बारीक गाठी दिसतील, वरच्या बाजूला त्यांचीच कोको पावडरसारखी भुकटी झालेली असते, तो पिसोलिथस. हात दोन दिवस तपकिरी राहतात, बाहेरदेशी यानं लोकर रंगवतात ते उगीच नाही. गाठी नसतील, साल जाड असेल आणि आतला गर जांभळट काळा असेल तर स्क्लेरोडर्मा, कोवळा असताना मात्र तो आतून पांढरा असतो, तिथं फसायला होतं.

छत्रीवाल्या असतील तर खाली पाती आहेत की स्पंजासारखी भोकं ते बघा, भोकं असतील तर बोलेटसचं कुटुंब. पाती असतील तर देठ मोडा, खडूसारखा कट्कन तुटला तर रसुला, आणि तुटल्या जागी दूध आलं तर लॅक्टेरियस. निलगिरीखाली छोटी, जाड आणि विरळ गुलाबी पात्यांची दिसली तर लॅकारिया असायची शक्यता.

उपटू मात्र कधीच नका, चाकूनं खालून माती मोकळी करून अख्खी काढा, कारण अमानिता नावाच्या छत्रीची ओळख देठाच्या बुडाशी जमिनीखालच्या पिशवीतच असते आणि उपटली की ती मातीत राहते. याच कुळातली डेथ कॅप शिजवूनही विषारीच राहते आणि त्रास सुरू व्हायला 6 ते 12 तास जातात, तोवर माणूस निवांत असतो. त्यामुळं माझ्या ओळखीवर विसंबून कोणी कढई चढवू नये.

घरी आणताना प्लास्टिक पिशवी नको, घामेजून लगदा होतो, वर्तमानपत्रात गुंडाळा. टोपी कापून अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर पाती खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला, सकाळी बीजाणूंची रांगोळी उमटलेली असते. काळा कागद यासाठी की पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसतच नाहीत. रसुला, अमानिताचे पांढरट किंवा पिवळट येतात. हिरवट आले तर ती बहुतेक लॉनवरची विषारी क्लोरोफायलम, झाडाची भागीदार नव्हेच.

वंशापर्यंत पोचलात तर खूप झालं. पिसोलिथसला आधी सगळीकडं सरसकट टिंक्टोरियस म्हणायचे, मग डीएनए तपासल्यावर कळलं की निलगिरीखालच्या आणि पाइनखालच्या जाती वेगळ्या आहेत, म्हणून माझ्या वहीत पुढं जातीचं नाव नसतं, फक्त "पिसोलिथस, निलगिरी, जुलै" एवढंच.