धरणाविरुद्ध माशांची बाजू कोर्टात कशी मांडावी

धरणाविरुद्धच्या बऱ्याच तक्रारी मुदतीतच मार खातात. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या 2010 च्या कायद्यातल्या कलम 16 नुसार पर्यावरण मंजुरीला 30 दिवसांत आव्हान द्यावं लागतं. उशिराला सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे लवादाचेही हात बांधलेले. ही मुदत मंजुरीची माहिती लोकांना मिळाल्यापासून मोजतात. म्हणून मंजुरीची जाहिरात आलेलं वर्तमानपत्राचं अख्खं पान जपून ठेवा, नुसतं कात्रण नको.

आधी कागद जमवा. मंजुरीपत्र, पर्यावरण परिणाम अहवाल आणि तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्तं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर शोधा. न सापडलेलं माहितीच्या अधिकारात मागा. जनसुनावणी अजून व्हायची असेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. 25 मेगावॉटखालच्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागतच नाही, तेव्हा आपला प्रकल्प कशात बसतो तेही पाहून घ्या.

मग अहवालातला माशांचा भाग पेन्सिल घेऊन वाचा. खरी लढाई इथे आहे. नमुने कोणत्या महिन्यांत घेतले? खडस, म्हणजे आपला महसीर, पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. एप्रिलमध्ये डोहात जाळं टाकून केलेल्या यादीत त्याचं नाव येईल, पण प्रवास दिसणार नाही. धरणाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे पाहणी झाली का? नदीत कोणत्या महिन्यात किती पाणी सोडणार? वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध निघणारे मासे कोणत्या ओढ्यात चढतात हे गावातल्या भोई-कोळ्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांची प्रतिज्ञापत्रं करा आणि जोडीला मत्स्यशास्त्राच्या जाणकाराचं मत जोडा.

जायचं कुठे? महाराष्ट्र आणि गोव्यासाठी लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क 1000 रुपये. मात्र लवादाच्या अखत्यारीतल्या सात कायद्यांत वन्यजीव संरक्षण कायदा नाही. त्यावर बेतलेला मुद्दा उच्च न्यायालयात न्यावा लागतो. हे वकिलाशी आधीच बोलून घ्या.

अपिलासोबतच अंतरिम स्थगितीचा अर्ज द्या, बांधकामाचे तारखेसह फोटो लावून. काँक्रीट चढत गेलं की न्यायालयाचा हात आखडतो. सरदार सरोवराला 1987 मध्ये मंजुरी मिळाली, याचिका 1994 मध्ये झाली, आणि 2000 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा उशीर याचिकाकर्त्यांच्या विरोधात धरला.

युक्तिवादात नदीप्रेमाचे परिच्छेद कमी ठेवा. अभ्यासातली फट दाखवलीत तर काम होतं. अरुणाचलच्या न्यामजांग छू प्रकल्पाची मंजुरी लवादाने 2016 मध्ये निलंबित केली, ती काळ्या मानेच्या क्रौंच पक्ष्याच्या हिवाळी मुक्कामाचा नीट अभ्यास झाला नव्हता म्हणून. पक्ष्याला लागू झालं ते माशालाही लागू करून मागता येतं.

निकाल विरुद्ध गेला तर 90 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. बाजूने लागला तरी पोर्टलवर नजर ठेवा, अडवलेलं धरण दुसऱ्या वाटेने परत येऊ शकतं. अमेरिकेत स्नेल डार्टर या बोटभर माशासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये टेलिको धरण अडवलं. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने त्या धरणाला धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्यातून सूट दिली आणि धरणाचे दरवाजे बंद करून पाणी अडवलं गेलं.