हेंड्रिक्सन निघालेत, ट्राउट उसळतायत, पण गळाला लागत नाहीत? या चुका टाळा

एप्रिलच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरांत, बीव्हरकिल नदीवर दुपारी दोनच्या सुमारास हेंड्रिक्सन जातीच्या मेफ्लाय, म्हणजे ट्राउट मासे खातात ते पंखवाले किडे, पाण्यातून वर निघतात. पाणी 50 ते 55 अंश फॅरनहाइटवर आलं की हे सुरू होतं, त्यामुळे भल्या पहाटे जाऊन कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. वेस्ट ब्रँच डेलावेअर नदीला धरणाच्या तळाचं गार पाणी येतं, तिथे सगळं आणखी उशिरा.

ट्राउट वर येतायत आणि तुमच्या फ्लायला, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याला, तोंड लावत नाहीत, की न्यू जर्सीहून एवढी गाडी हाकत आलेला माणूस डबी उघडून फ्लाय बदलत बसतो. 12 किंवा 14 नंबरचा गळ आणि रंग साधारण जुळत असेल, तर फ्लायला हात लावू नका. आधी ड्रॅग, म्हणजे लाइनने फ्लायला लागणारी ओढ, बघा. तुमच्या आणि माशाच्या मधला वेगवान प्रवाह लाइनला पोट पाडतो, लाइन फ्लायला ओढते. ही ओढ इतकी बारीक असते की दहा मीटरवरून दिसतच नाही. फ्लायशेजारी फेसाचा एखादा बुडबुडा धरून बघा: फ्लाय त्याच्या पुढे गेली किंवा मागे राहिली, तर ड्रॅग आहे.

उपाय सोपा, पण आळसाने कोणी करत नाही. दोन-तीन पावलं जवळ जा. लाइन हवेत असतानाच रॉड प्रवाहाच्या वरच्या अंगाला झुकवा. 5एक्स टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक दोरा, फूट-दीड फूट वाढवा. त्याहून बारीक 6एक्सवर घाईने उतरू नका, मोठा मासा ते सहज तोडतो. शिवाय मासा पंगतीत बसलेला असतो, पान सोडून उठत नाही. फ्लाय त्याच्याच ओळीतून, त्याच्या दोन-तीन फूट आधी सोडायची.

ड्रॅग नाही, तरी नकारच? मग उसळी नीट बघा. पाठ आणि शेपूट दिसतेय, पण मागे बुडबुडा राहत नाही, म्हणजे मासा पृष्ठभागाखाली अडकलेले, कात टाकणारे किडे खातोय. उंच तरंगणारी ड्राय फ्लाय इथे फुकट. इमर्जर, म्हणजे पृष्ठभागात अर्धवट बुडून राहणारी फ्लाय, बांधा. नसेल तर ड्राय फ्लायचे खालच्या बाजूचे हॅकलचे, म्हणजे गुंडाळलेल्या पिसाचे, तंतू कात्रीने सपाट कापा, ती पाण्यात बसते. सीडीसीच्या, म्हणजे बदकाच्या मऊ पिसांच्या, फ्लायला तरंगवायचं जेल मात्र चोळू नका, पिसं चिकटतात. कोरडी पावडर वापरा.

संध्याकाळी वारा पडला आणि हवा फार गार नसली, तर अंडी घालून मेलेल्या माद्या पंख पसरून वाहत येतात. तेव्हा अशा मेलेल्या माद्यांसारखी दिसणारी फ्लाय, 14 नंबरचा रस्टी स्पिनर.

मासा दिसताच झटका दिला, तर फ्लाय तोंडातून निसटते. त्याला खाली वळू द्या, मग रॉड नुसती उचला. फ्लाय तुटून गेलीच, तर टिपेटचं टोक तपासा: पिळदार असेल तर गाठ सुटली आहे. पुढच्या वेळी थुंकीने ओली करून आवळा.