डाउनलोड केलेलं गाणं पेनड्राइव्हवर जाईना? गाणी विकत घेताना या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या गावच्या सप्ताहात, गंगाखेडच्या बाजूला, पहाटे काकड्याआधी भोंग्यावर अभंग लावायचं काम आबांनी माझ्याकडं दिलं होतं. एका ॲपची वर्गणी मी आधीच भरलेली होती. त्यात साठ अभंग बाणावर बोट ठेवून उतरवून घेतले आणि निर्धास्त झालो. पुढं महिनाभर ते ॲप उघडलंच नाही. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी साडेचारला मंडपात फोनला वायर जोडली, तर सगळ्या अभंगांची नावं करडी पडलेली. खाली एकच ओळ : ऑनलाइन या. रात्रीपासून लाईट नव्हती, टॉवरही बंद. जनरेटरवर ॲम्प्लिफायर चालू, फोन चार्ज, अभंग फोनातच, पण वाजायला तयार नाहीत. आबा म्हणाले, "पैसे भरलेस न्हवं? मग गाणं तुझं कसं नाही?"

आबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. वर्गणीच्या ॲपमध्ये आपण गाणं विकत घेत नाही, भाड्यानं घेतो. गाण्याला डीआरएम नावाचं कुलूप असतं आणि त्याची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते. स्पॉटिफायचा नियमच आहे की उतरवलेली गाणी चालू ठेवायची तर ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, आणि ती जास्तीत जास्त ५ उपकरणांवर ठेवता येतात. यूट्यूब म्युझिकचंही ३० दिवसांचंच गणित आहे. घरी वायफाय असलेल्याला हे कधी कळतही नाही. आपल्याकडं पावसाळ्यात दोन-दोन दिवस टॉवर बंद असतो, तिथं लगेच कळतं.

म्हणून पहिली चूक म्हणजे ॲपमधल्या बाणालाच डाउनलोड समजणं. ओळखायची खूण सोपी आहे. फोनचा फाइल मॅनेजर उघडा आणि गाणं नावानं सापडतंय का बघा. सापडलं तर पेनड्राइव्हवर टाका आणि इंटरनेट नसलेल्या, कुठलंही खातं नसलेल्या यंत्रात लावून बघा. ट्रॅक्टरचा टेप यासाठी सगळ्यात चांगला. तिथं वाजलं तर ते गाणं तुमचं. दुकान कितीही नावाजलेलं असो, आधी एकच गाणं घ्या, ही परीक्षा करा, मगच अख्खा अल्बम घ्या. मी हे न करता वर्षाची वर्गणी एकदम भरली होती.

एकाच कंपनीकडं दोन्ही प्रकार असतात, इथं लोक फार गोंधळतात. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा विकत घेतलेल्या गाण्यालाही कुलूप होतं. २००९ पासून तिथं विकत घेतलेलं गाणं बिनकुलपाचं मिळतं. पण त्याच कंपनीच्या ॲपल म्युझिक या वर्गणीतून उतरवलेलं गाणं आजही कुलूपबंदच असतं. फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं बघा : एम४ए असेल तर मोकळं, एम४पी असेल तर बंद. आणखी एक. आयट्यून्सवरून विकत घेतलेल्या फाइलमध्ये घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल नोंदलेला असतो. कुलूप नाही म्हणून ती फाइल गावभर वाटायची नसते.

बँडकॅम्प या साइटवर कलावंत किंवा लेबल (गाणी काढणारी कंपनी) स्वतः गाणी विकतं. पैसे दिल्यावर एमपी३, फ्लॅक (आवाज जराही न कापता साठवणारी मोठी फाइल), एएसी, वेव्ह यांपैकी हवी ती फाइल घेता येते आणि घेण्याआधी गाणं ऐकताही येतं. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के कंपनी ठेवते. पैसे चुकते करण्याचं शुल्क जाऊन बाकीचे कलावंताकडं किंवा लेबलकडं जातात. मला हे मनापासून आवडतं. मात्र तिथं मराठी अभंग, भारुडं फार कमी सापडतात. जी सापडतात ती जरूर घ्या.

बँकेचं कार्ड चाललं नाही म्हणून पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात. बँडकॅम्प ही परदेशी साइट. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून मिळतं. परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये तो खटका असतो. चालू करा, मर्यादा हजार रुपयांची ठेवा, खरेदी झाली की बंद करा. डॉलरमधल्या किमतीवर बँक स्वतःचं शुल्क लावते, तेही धरून चला.

मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह चोरीच्या गाण्यांनी 'भरून' घेणं ही आपल्याकडची जुनी सवय. त्या पहाटे शेवटी एकाच्या तसल्याच पेनड्राइव्हनं वेळ निभावली, आणि मधेच भोंग्यावरून कुठल्याशा वेबसाइटची जाहिरात गावभर ऐकू गेली. पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. आपल्याच भागातला गायक रात्र-रात्र जागून ध्वनिमुद्रण करतो आणि त्याच्या हातात त्यातला एक रुपया पडत नाही. ॲपमधल्या गाण्याचं कुलूप तोडून देणारी सॉफ्टवेअरंही वापरू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५ए कलम आलं आहे; हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

दुकान कायम राहील असं धरून चालणं ही मला सगळ्यात महागाची चूक वाटते. याहूचं संगीत दुकान २००८ मध्ये बंद झालं तेव्हा किल्ल्या देणारे सर्व्हरही जाणार होते. आधी गाणी सीडीवर उतरवून घ्या, असं ग्राहकांना सांगावं लागलं. फ्लिपकार्टचं फ्लाइट हे दुकान २०१२ मध्ये आलं, २०१३ मध्ये बंद झालं. पण तिथली एमपी३ गाणी बिनकुलपाची होती, त्यामुळं ज्यांनी ती वेळेत उतरवून ठेवली त्यांच्याकडं आजही वाजतात. गूगल प्ले म्युझिकही २०२० मध्ये गेलं. विकत घेतलं त्याच दिवशी फाइल उतरवा आणि दोन ठिकाणी ठेवा. नंतर बघू म्हटलं की राहून जातं.

आता यंत्राच्या तक्रारी. गाणं बिनकुलपाचं असूनही वाजेना, तर बहुतेक वेळा दोष फाइलच्या किंवा पेनड्राइव्हच्या प्रकाराचा असतो. जुने टेप आणि ॲम्प्लिफायर फ्लॅक वाचत नाहीत, काही एम४एही वाचत नाहीत. त्यांच्यासाठी ३२० केबीपीएसची (हा आकडा मोठा तसा आवाज चांगला) एमपी३ घ्या. सहा मिनिटांचा अभंग साधारण १४ एमबी होतो, म्हणजे १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर हजारावर बसतात. फ्लॅक मिळत असेल तर ती घरी जपून ठेवा; तिच्यातून पुढं हवी तशी एमपी३ काढता येते. एमपी३ची फ्लॅक केली तर फक्त आकार वाढतो, गेलेला आवाज परत येत नाही. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतीला फॉरमॅट म्हणतात. ६४ जीबीचे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतात आणि जुनं यंत्र ते ओळखतच नाही. ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.

आणि क्रम. यंदा सप्ताहाच्या आधी घरीच पेनड्राइव्ह लावून बघितला, तर पहिलीच भैरवी लागली! आबांनी कपाळावर हात मारला. बरीच यंत्रं नावाचा क्रम बघत नाहीत. ज्या क्रमानं फाइली पेनड्राइव्हवर पडल्या त्याच क्रमानं वाजवतात. देवनागरी नावांच्या जागी पडद्यावर नुसते चौकोन दिसत होते, त्यामुळं कोणता अभंग कुठं आहे तेही कळेना. मग सगळं पुसलं, नावांना पुढं ०१, ०२ असे आकडे लावले, पण इंग्रजी आकड्यांत, कारण ते यंत्राला दाखवता येतात. मग एकेक फाइल हातानं क्रमानं टाकली. अर्धा तास लागला. सप्ताहाच्या पहिल्या पहाटे साडेचारला लाईट नव्हतीच, जनरेटर लावला आणि रूपाचा अभंग सुरू झाला.