डाळिंबाला साडी, आणि मानेला? मे महिन्यातल्या अतिनील किरणांबाबत सल्ला

आंबे बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) डाळिंबावर या दिवसांत उन्हाचे चट्टे पडतात. म्हणून सांगोला, मालेगाव पट्ट्यात बागांवर जुन्या साड्या ताणल्या जातात, केओलीन (पांढरी माती) फवारलं जातं, कागदी पिशव्या चढतात. ती साडी बांधणाऱ्याचे कान, मान आणि डोळे मात्र उघडेच राहतात. हा सल्ला फळासाठी नाही, फळ राखणाऱ्यासाठी आहे.

ऊन भाजतं ते अंगाला कळतं. उन्हातली न दिसणारी अतिनील किरणं कळत नाहीत, आणि घोटाळा तिथंच होतो. आपण उन्हाची वेळ तापण्यावरून ठरवतो. तापमान सर्वांत जास्त असतं दुपारी तीनच्या आसपास, पण अतिनील किरणांचा जोर असतो सूर्य माथ्यावर असताना. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेलं आणि महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला. त्यामुळे पुणे-नाशिककडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराला, गडचिरोलीकडे बारा वाजून गेल्यावर. म्हणजे सकाळी सात ते एक अशी पाळी धरली आणि ‘तापायच्या आत सुटलो’ असं म्हटलं, तरी शेवटचे दोन-अडीच तास अतिनील किरणांच्या ऐन भरातच गेलेले असतात. पाळी सहाला सुरू करून अकराच्या आत संपवा, उरलेलं काम चारनंतर. मजूर लवकर यायला कुरकुरतात हे खरं; तरी भांगलणीसारखं वाकून करायचं काम निदान या वेळेत बसवा, कारण त्यात मान सतत उन्हात असते.

हवामानाच्या ॲपवर ‘यूव्ही इंडेक्स’ म्हणून अतिनील किरणांचा आकडा दिसतो. 3 पासून काळजी घ्यायची, 8 ते 10 म्हणजे फार जास्त, 11 आणि पुढे अतितीव्र. मे महिन्यात निरभ्र दुपारी आपल्याकडे तो 11 च्या वर सहज जातो. मोबाईल नसेल तर सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की आडोसा धरायची वेळ झाली. मे महिन्यात ही वेळ साधारण साडेनऊ ते पावणेचार. याच महिन्यात सूर्य अगदी डोक्यावरून जातो आणि दुपारी क्षणभर सावली पायाखाली लपते: पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला, 13-14 मेच्या सुमारास पुण्याला, 26 मेच्या आसपास नागपूरला.

गार वाऱ्यावर आणि ढगांवर भरवसा ठेवू नका. वळवाच्या आधी येणाऱ्या विरळ ढगांतून बहुतेक अतिनील किरणं खाली येतात. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी तोडताना हवा सुखद वाटते, पण उंचीबरोबर ही किरणं वाढतात. दर हजार मीटरला साधारण 10 टक्के. टोपीचा काठ वरचं ऊन अडवतो. पण वाफ्यावर अंथरलेल्या चंदेरी प्लास्टिकवरून (मल्चिंग पेपर) उलट येणारी किरणं खालून तोंडावर येतात. मिरची-कलिंगडाच्या गादीवाफ्यांवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सावळ्या कातडीला किरणांपासून बरंच नैसर्गिक संरक्षण असतं, ते नाकारायचं कारण नाही. डोळ्यांना मात्र ते नाही. मोतीबिंदू लवकर होणं, बुबुळाकडे मांस वाढत येणं, यामागे वर्षानुवर्षांचं ऊन हे एक कारण असतं. गॉगल घ्याल तर अतिनील किरणं अडवणारा, ‘यूव्ही 400’ लिहिलेला घ्या, काच पांढरी असली तरी चालेल. नुसती काळी काच उलट वाईट, कारण तिच्याआड बाहुली मोठी होते आणि किरणं जास्त आत शिरतात.

कपड्यांत आपल्या बायाबापड्यांनी शोधलेला उपाय मला सर्वांत पटतो: साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट. फक्त तो विरलेला नसावा. उजेडाकडे धरून पलीकडचं दिसत असेल तर किरणंही येणारच. घट्ट विणीचं, गडद कापड चांगलं. घामाने भिजलेलं पातळ पांढरं सुती कापड कमी अडवतं. गांधी टोपीने कान-मान झाकत नाहीत, खाली पंचा सोडा. सनस्क्रीन घामात टिकत नाही आणि दर दोन तासांनी लावायला शेतात कोणाला सवड आहे? आधी कापड, मग उरलेल्या नाका-ओठांना क्रीम.

काहींना ऊन जास्त बाधतं. पुरंदरच्या अंजीरवाल्यांना हे माहीत असेल: अंजिराचा चीक हाताला लागून त्यावर ऊन पडलं की फोड येतात, मागे काळे डाग राहतात. लिंबाच्या रसानेही तसंच होतं. चीक लागताच साबणाने धुवा, बाह्या खाली ठेवा. गाजर गवताची ॲलर्जी असणाऱ्यांचा त्रास उन्हात वाढतो. डॉक्सिसायक्लीन (एक प्रतिजैविक) किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना ‘मी उन्हात काम करतो’ हे आवर्जून सांगा.

चक्कर, उलटी, बरळणं, अंग चटका बसेल इतकं तापणं हा उष्माघात. माणसाला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन लावा.

आणि जूनच्या तयारीत एक लक्षात ठेवा: रायझोबियम जिवाणू, ट्रायकोडर्मा बुरशी लावलेलं बियाणं सावलीतच सुकवायचं. हे जीव ऊन सोसत नाहीत. अळी मारणारे एचएएनपीव्हीसारखे विषाणूही संध्याकाळीच फवारायचे, ते याच कारणाने.