हार्मोनच्या टेस्ट करायच्या? आधी तारीख बघा, मग लॅब

मूल होत नाही म्हणून दाखवायला गेलो आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर एफएसएच, एलएच (अंडं वाढवणारे-सोडणारे हार्मोन), एएमएच (अंड्यांच्या साठ्याची टेस्ट), प्रोलॅक्टिन (दुधाचा हार्मोन), टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) असं सगळं एका ओळीत लिहून दिलं की आपण काय करतो, नागपूरच्या धंतोलीत आलोच आहोत, पार्किंगही मिळालंय, तर लगे हात रक्त देऊनच टाकू. पैसे वाया जातात ते इथंच नं बाप्पा! चिठ्ठी हातात पडली की लगेच विचारा, कोणती टेस्ट पाळीच्या कितव्या दिवशी.

एफएसएच, एलएच आणि एस्ट्राडिओल (बायकांचा मुख्य हार्मोन) पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नीट लाल जायला लागलं तो पहिला दिवस, आदल्या दिवशीचे नुसते डाग धरायचे नाहीत. प्रोजेस्टेरॉनला (अंडं सुटल्यावर वाढणारा हार्मोन) सगळे "एकविसावा दिवस" सांगतात पण ते २८ दिवसांच्या पाळीचं गणित आहे, खरं तर पुढची पाळी यायच्या साधारण ७ दिवस आधी द्यायचं, म्हणजे ३५ दिवसांनी येत असेल तर २८वा दिवस. २१व्याला दिलं तर कमी येणारच आणि घरात उगाच रडारड. एएमएच न् टीएसएच कधीही चालतात. एएमएच कमी आलं म्हणून मूल होणारच नाही असं समजू नका, अंड्यांचा साठा साधारण किती उरलाय तेवढंच ते सांगतं.

प्रोलॅक्टिन जरा नाजूक काम आहे. झोपेतून उठल्याउठल्या, जिना चढून धापा टाकत किंवा सुईला घाबरून दिलं तरी वाढतं. उठल्यावर दोनेक तासांनी जा, तिथं अर्धा तास शांत बसा, मग द्या. थोडं जास्त आलं तर गोळ्या सुरू करायच्या आधी परत करायची का ते विचारा.

केस-नखांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा, त्यानं बऱ्याच हार्मोनचे आकडे खोटे येतात. पाळीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

आणि भाऊ, सगळं बायकोच्याच माथी नको. तुमची पहिली तपासणी वीर्याची, आधी वीर्य गेल्यापासून २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवून. टेस्टोस्टेरॉन (पुरुषांचा हार्मोन) लिहिलं असेल तर सकाळी १० च्या आत, उपाशी पोटी, तर्री पोहे नंतर. कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी परत. जिममध्ये कोणी स्टेरॉइडची इंजेक्शन दिली असतील तर लपवू नका, त्यानं शुक्राणू पार बसतात.

रिपोर्टवर युनिट बघा, दोन लॅबचे आकडे तसेच शेजारी ठेवून घाबरू नका, जमलं तर परतची टेस्ट त्याच लॅबमध्ये करा.

पोरांचं वेगळं. मुलीची छाती वयाच्या ८ वर्षांच्या आत वाढायला लागली किंवा १३ पर्यंत काहीच नाही, मुलगा ९ च्या आत वयात यायला लागला किंवा १४ पर्यंत अंडकोष वाढलेच नाहीत, तर दाखवा. तिथं रक्तासोबत डाव्या मनगटाचा एक्सरे होतो, कधी इंजेक्शन देऊन थोड्या थोड्या वेळानं रक्त घेतात, म्हणून अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि शाळेतली उंची-वजनाची जुनी नोंद असेल तर सोबत न्या.