फवारणी फसली की डास औषधाला सरावले? नळी-चाचणी अशी करा

फवारणी होऊन पंधरा दिवस झाले आणि गोठ्यात डास तसेच भिंतीला चिकटलेले दिसले, की लगेच ऐकू येतं, ‘आता औषध लागूच पडत नाही.’ हे घाईचं बोलणं आहे. डेल्टामेथ्रिनची 2.5 टक्क्यांची पावडर 400 ग्रॅम घेऊन 10 लिटर पाण्यात कालवली आणि ती 500 चौरस मीटरला पुरवली, तरच भिंतीवर चौरस मीटरमागे 20 मिलिग्रॅम बसते. नोझलमधून मिनिटाला 740 ते 850 मिली द्रावण येत नसेल, नोझल भिंतीपासून 45 सेंटिमीटरवर धरलं नसेल, किंवा पोळ्याच्या तोंडावर गोठा शेणाने सारवून घेतला असेल, तर डास जगणारच. त्यात त्याचा काय पराक्रम?

म्हणून आधी भिंत तपासा. प्लास्टिकचा शंकू भिंतीला लावून त्यात 10 माद्या 30 मिनिटं ठेवा, मग स्वच्छ कपात साखरपाण्यावर 24 तास ठेवून मेलेल्या मोजा. 80 टक्क्यांच्या खाली आलं तर काहीतरी बिघडलं आहे, पण भिंत की डास, हे शंकू सांगत नाही. ते सांगते जागतिक आरोग्य संघटनेची नळी-चाचणी. तिच्यात माद्या औषध लावलेल्या कागदाच्या नळीत ठेवतात, आणि त्या कागदावरची मात्रा ठरलेली असते.

डास कुठून आणायचे

मौदा, रामटेक, पारशिवनीकडच्या धानपट्ट्यात अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस हा मलेरियाचा मुख्य वाहक. धानाच्या बांध्या, कालव्याच्या कडेची डबकी, नाल्यातलं साचलेलं पाणी ही त्याची जागा. माणसापेक्षा गुरांचं रक्त त्याला जास्त आवडतं, म्हणून सकाळी सहा ते आठ गोठ्यात टॉर्च आणि सक्शन ट्यूब घेऊन शोधा. नागपूर शहरात मात्र गाठ त्याच्याच जातकुळीतल्या स्टीफेन्सीशी आहे: गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी, बांधकामाची हौदं. कूलरही बघा, पण तिथे बहुतेक डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या अळ्या सापडतील. अ‍ॅनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी असते, बाकीच्या डोकं खाली करून लटकतात. हा फरक बादलीतही उघड्या डोळ्यांनी दिसतो.

गोठ्यातून पकडलेल्या माद्यांचं वय कळत नाही आणि बहुतेकींचं पोट रक्ताने भरलेलं असतं. म्हातारी मादी लवकर मरते आणि प्रतिकार झाकला जातो. रक्त प्यालेली जास्त तग धरते, मग नसलेला प्रतिकार दिसतो. जमत असेल तर अळ्या आणून वाढवा. खाद्य म्हणून कुत्र्याची बिस्किटं आणि यीस्ट 3:2 प्रमाणात दळून चिमटी-चिमटीने टाका. जास्त टाकलं तर पाण्यावर साय धरते आणि अळ्या गुदमरतात. 3 ते 5 दिवसांच्या, रक्त न प्यालेल्या माद्या घ्या आणि तोवर त्यांना 10 टक्के साखरपाणी द्या. अळ्या एकाच डबक्यातल्या घेऊ नका, नाहीतर चार-दोन माद्यांच्या पिलावळीचा निकाल अख्ख्या गावाच्या नावावर जाईल. आजूबाजूच्या कापसावर, धानावर कोणतं कीटकनाशक मारलं तेही फॉर्मवर लिहा. शेतातली पायरेथ्रॉइड्स, म्हणजे डेल्टामेथ्रिनच्याच गटातली औषधं, पाण्यात उतरतात आणि अळ्यांना सराव तिथेच होतो.

नळ्या, कागद, वेळ

प्रत्येक औषधासाठी चार नळ्या औषधाच्या आणि दोन कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी बिनऔषधाच्या. प्रत्येकीत 20 ते 25 माद्या. लाल ठिपक्याची नळी औषधाची, हिरव्या ठिपक्याची विश्रांतीची. नेहमीच्या मात्रा अशा: डीडीटी 4 टक्के, मॅलॅथिऑन 5 टक्के, डेल्टामेथ्रिन 0.05 टक्के. कंट्रोलचा कागद कोरा चालत नाही, त्यावर त्या गटाचं तेल हवं: पायरेथ्रॉइडला सिलिकॉन, मॅलॅथिऑनला ऑलिव्ह, डीडीटीला रिसेला.

कागद फ्रिजमध्ये 4 अंशांवर ठेवा आणि वापरण्याआधी पाकीट न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या; थंड कागदावर दव धरतं. एक कागद सहा वेळांहून जास्त वापरायचा नाही, आणि प्रत्येक वापराची खूण पाकिटावर करायची.

माद्या आधी हिरव्या नळीत तासभर ठेवा. पाय तुटलेल्या, सुस्त असलेल्या काढून टाका. मग दोन नळ्यांमधली सरकपट्टी उघडून हलक्या फुंकरीने लाल नळीत घाला, पट्टी बंद करा आणि नळी मंद उजेडात 60 मिनिटं उभी ठेवा. किती माद्या खाली पडल्या ते अधूनमधून मोजता येतं, पण निकाल त्यावर ठरत नाही: पडलेली पायरेथ्रॉइडची मादी पुन्हा उठू शकते. तासाने सगळ्यांना परत हिरव्या नळीत घ्या, जाळीवर साखरपाण्याचा बोळा ठेवा आणि 24 तासांनी मोजा. जी उडू शकते ती जिवंत, मग तिचा एखादा पाय गेला असला तरी. जी उभी राहू शकत नाही ती मेलेली धरा.

नागपुरात घात कुठे होतो

उन्हात. खोली 27 अंशांच्या आसपास (दोन वर-खाली) आणि आर्द्रता 75 टक्क्यांच्या जवळ (दहा वर-खाली) हवी. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना साध्या खोलीत कंट्रोलच्याच माद्या सुकून मरतात. कूलर आर्द्रता देतो खरा, पण नळ्या त्याच्या झोतात ठेवू नका. झाकलेल्या थर्माकोलच्या पेटीत ओला टॉवेल टाकून ठेवलेल्या बऱ्या. डिसेंबरच्या रात्री उलट त्रास. थंडीत पायरेथ्रॉइडचा परिणाम वेगळा होतो, म्हणून निकालाशेजारी तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा दुसऱ्या हंगामाशी ताडता येत नाही. आमचा सल्ला, शक्य तर ऑगस्ट ते ऑक्टोबर याच काळात चाचणी उरका, डासही तेव्हाच भरपूर असतात.

त्या खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा लिक्विड मशीन कधीही लावलेलं नसावं. औषधाच्या कागदाला लागलेल्या हातमोज्यांनी कंट्रोलच्या नळीला हात लावू नका. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर साखरेवर आलेल्या मुंग्या मेलेल्या माद्या उचलून नेतात आणि बेरीज जमत नाही.

हिशेब

कंट्रोलमध्ये 20 टक्क्यांहून जास्त मेल्या तर चाचणी रद्द, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. 5 ते 20 टक्के मेल्या तर अ‍ॅबटची दुरुस्ती करा: औषधाची टक्केवारी वजा कंट्रोलची टक्केवारी, भागिले 100 वजा कंट्रोल, गुणिले 100. उदाहरणार्थ, 100 पैकी 90 मेल्या आणि कंट्रोलमध्ये 50 पैकी 4, म्हणजे 8 टक्के. 82 भागिले 92, उत्तर 89.1. दुरुस्तीआधी ‘संशयित’ वाटणारी वस्ती इथे ‘प्रतिकारक्षम’ ठरली. 98 ते 100 टक्के मृत्यू म्हणजे औषध लागू. 90 ते 97 म्हणजे संशय, नव्या माद्या घेऊन पुन्हा चाचणी. 90 च्या खाली प्रतिकार पक्का.

पक्का झाला तर पाचपट आणि दहापट मात्रेचे कागद वापरून त्याचा जोर बघा. दहापटीवरही 98 टक्के मरत नसतील, तर त्या औषधाने फवारणी चालू ठेवण्यात अर्थ नाही. दुसरी तपासणी पीबीओची (पायपरोनिल ब्युटॉक्साइड, डासाची औषध पचवण्याची ताकद रोखणारं रसायन): 4 टक्के पीबीओच्या कागदावर तासभर, लगेच डेल्टामेथ्रिनवर तासभर. मृत्यू पुन्हा 98 च्या वर गेला तर माद्या औषध पचवत होत्या, आणि पीबीओ असलेल्या मच्छरदाणीचा उपयोग होईल. फारसा फरक पडला नाही, तर चेतापेशींच्या सोडियम मार्गिकेतला बदल, म्हणजे केडीआर, असण्याचा संशय धरा आणि माद्या सिलिका जेलवर वाळवून जनुकीय तपासणीला पाठवा. डीडीटी त्याच मार्गिकेवर काम करतं, त्यामुळे अशा वस्तीत डेल्टामेथ्रिन बंद करून डीडीटीकडे वळण्याआधी त्याचीही नळी-चाचणी लावा.