आरोग्य कायदा शिकायचा तर आधी ग्राहक आयोग गाठा

विधी शाखेच्या विद्यार्थ्याला रुग्णालयाच्या विधी विभागात इंटर्नशिप ओळखीशिवाय मिळणे कठीण जाते, आणि मिळाली तरी बराच वेळ करारांचे मसुदे चाळण्यात जातो. त्यापेक्षा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग बरा, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते आणि निष्काळजीपणाच्या तक्रारी तेथे चालतात.

आयोगाचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहून अशी एकच तक्रार निवडावी, तिच्या प्रत्येक तारखेला हजर राहावे आणि दोन-तीन तारखांनंतर संबंधित वकिलांना कागदपत्रांची तारीखवार यादी करून देण्याची तयारी दाखवावी. या कंटाळवाण्या कामाला सहसा कोणी नाही म्हणत नाही. केसपेपर, संमतीपत्र, परिचारिकांच्या नोंदी आणि डिस्चार्ज कार्ड यांवरील वेळा जुळवताना प्रकरण खऱ्या अर्थाने उलगडते (डॉक्टरांचे हस्ताक्षर लावणे हा वेगळा अभ्यास!). २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात, म्हणून मागणीची आणि नोंदी मिळाल्याची तारीख आधी टिपावी.

मात्र वकिलांच्या परवानगीशिवाय कागदांची छायाचित्रे काढू नयेत आणि स्वतःच्या टिपणात रुग्णाचे नाव लिहू नये.